चुकलेल्या फेरीची गोष्ट

(मंडळाच्या ब्रॅम्पटन येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला कार्यकारिणीने सांगितलं, "दहा-पंधरा मिनिटं बोला, प्रवासाबद्दल बोला, आणि मुख्य म्हणजे लोकांना जेवायला उशीर होऊ देऊ नका." शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, हे मला माहीत आहे. मागच्या बाजूने मसालेभाताचा वास यायला लागलाय. तेव्हा मी पटकन मुद्द्यावर येते.

माझा विषय आहे फेरीबोट. आणि फेरीबोटीपेक्षाही, ती चुकल्यावर काय होतं तो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टचा लाँग वीकेंड. आम्ही चार कुटुंबं: पुणेकर, नागपूरकर, कोल्हापूरकर आणि आम्ही अलिबागकर. (हं, ज्यांना 'अलिबागसे आया है क्या' म्हणायचंय त्यांनी आत्ताच म्हणून घ्या, म्हणजे पुढे व्यत्यय नको.) बरीच वर्षं आमचं चाललं होतं, मॅनिटूलिनला जायचं, मॅनिटूलिनला जायचं. कधी कुणाची सुट्टी नाही, कधी कुणाचं घर शिफ्ट होतंय. त्या वर्षी मात्र एप्रिलमध्येच कॉटेज बुक केलं, फेरीचं रिझर्वेशन केलं आणि आता रद्द करायचं नाही अशी शपथ घेतली.

ज्यांनी मॅनिटूलिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ह्यूरॉन सरोवरातलं हे बेट. गोड्या पाण्याच्या सरोवरातलं जगातलं सगळ्यात मोठं बेट. साधारण २,७६६ चौरस किलोमीटर. आणि गंमत म्हणजे त्या बेटावरही तळी आहेत, आणि त्या तळ्यांमध्ये पुन्हा छोटी बेटं आहेत. तिथे जायच्या वाटा दोन. एक उत्तरेकडून, सडबरी-एस्पॅनोलावरून लिटल करंटच्या पुलाने. दुसरी दक्षिणेकडून, टोबरमोरीहून फेरीबोटीने साउथ बेमाउथला. आपल्या ब्रॅम्पटनच्या मेन स्ट्रीटवरून उत्तरेला निघालात की तोच रस्ता पुढे हायवे १० होतो. ऑरेंजव्हिल, शेलबर्न करत ओवन साउंड, तिथून हायवे ६ ने वायर्टन आणि टोबरमोरी. चार तास धरा. पुढे रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं.

त्या बोटीचं नाव चि-चीमॉन. ओजिब्वे भाषेत त्याचा अर्थ मोठी होडी. १९७४ पासून ती चालतेय. दीडशेच्या आतबाहेर गाड्या आणि सहाशेच्या वर माणसं घेते, आणि पावणेदोन तासांत पलीकडे पोचवते. उन्हाळ्यात दिवसाला ठरावीक फेऱ्या. लाँग वीकेंडला त्या सगळ्या भरलेल्या. रिझर्वेशन असलं तरी तासभर आधी पोचायचं, नाही तर तुमची जागा गेली, तुम्ही स्टँडबायच्या रांगेत. हे मी आत्ता इतकं स्पष्ट सांगतेय, कारण तेव्हा आम्ही ते वाचलं नव्हतं.

आता खरी अडचण सांगते. त्या उन्हाळ्यात माझी आई आमच्याकडे आली होती. वय वर्षं पंचाहत्तर. प्रकृती ठणठणीत, सकाळी चिंग्वाकूझी पार्कला दोन फेऱ्या मारणारी. पण एक गोष्ट अशी की आई बोटीत बसत नाही. कधीच नाही. आधीच्या खेपेला तिला टोरोंटो आयलंडला न्यायचं ठरवलं. पंधरा मिनिटांचं पाणी. ती धक्क्यावर म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथे बसते." नायगाऱ्याला सगळे बोटीतून धबधब्याखाली भिजायला गेलो, तर ही वर सगळ्यांच्या पर्सेस सांभाळत बाकावर. विचारलं तर म्हणायची, "मला बोट लागते."

मीही तेच खरं मानत आले होते. आमचं गाव रेवसपासून जवळ. गावातले सगळे मुंबईला जायचे ते रेवसहून लाँचने, भाऊच्या धक्क्याला उतरायचे. आणि आम्ही? आम्ही एस.टी.ने. अलिबाग, वडखळ नाका, पेण, पनवेल. त्या गाडीत मला आणि माझ्या भावाला हमखास उलट्या व्हायच्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि लिंबं घेऊन प्रवास. बोट लागते म्हणून एस.टी.ने जायचं, आणि एस.टी.त आम्हाला गाडी लागायची! पण आईपुढे कुणाचं चालत नसे.

मग मॅनिटूलिनला तिला न्यायचं कसं? घरी एकटी ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा आमच्या ह्यांनी तोडगा काढला. म्हणाले, "आई, तिकडे पूल आहे." खोटं नव्हतं. पूल आहेच. फक्त तो आम्ही जाणार होतो त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी ऐकलं आणि गप्प बसले. तो माझा दोष, तो मी इथे सगळ्यांसमोर कबूल करते.

निघायचं ठरलं पहाटे साडेपाचला. अकरा वीसची फेरी होती. पुणेकर सव्वापाचलाच कोपऱ्यावर गाडी लावून उभे. कोल्हापूरकर पाच पंचवीसला. नागपूरकर वहिनींचा फोन आला, "अवं, निघालोच." मंडळी, नागपुरातलं 'निघालोच' म्हणजे काय ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. आणि आमच्याकडे? मी सोळा माणसांच्या धपाट्यांचे डबे भरत होते. सहा वाजता पुणेकरांचा धीर सुटला. ठरलं की ते आणि कोल्हापूरकर पुढे जातील. माझा अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्या मुलांबरोबर बसायला हटून बसला, म्हणून तोही त्यांच्या गाडीत गेला. आम्ही आणि नागपूरकर निघालो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वाटेत ऑरेंजव्हिलला टिम हॉर्टन्स. ते टाळता येत नाही, कॅनडाच्या नागरिकत्वाची अट आहे ती.

टोबरमोरीला पोचलो ते अकरा वाजून सोळा मिनिटांनी. समोर ती भलीमोठी पांढरी बोट. तिचा पुढचा भाग सबंध वर उचललेला असतो, गाड्या आत घ्यायला. आम्ही बघत असताना ते तोंड हळूहळू मिटलं. पुणेकर वरच्या डेकवरून हात हलवत होते. माझा मुलगा त्यांच्याशेजारी उभा, तोही हात हलवत होता. आणि बोट गेली.

हिशेब बघा आता. कॉटेजचं बुकिंग नागपूरकरांच्या नावावर, ते अलीकडे. सगळं जेवण माझ्या गाडीत, तेही अलीकडे. आणि माझा मुलगा पलीकडे.

मागच्या सीटवरून आईने शांतपणे विचारलं, "पूल कुठाय?"

मी काही बोलले नाही. ह्यांनी नकाशा काढायचं नाटक केलं. आई म्हणाली, "तुम्ही दोघं मला फसवलंत." एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

पुढची फेरी पावणेचारच्या सुमाराची. आम्हाला स्टँडबायच्या रांगेत लावलं. ऊन मी म्हणत होतं. रांगेतून गाडी हलवायची नाही, नाही तर नंबर जातो. आई म्हणाली, "तुम्ही जा, मी इथे एखाद्या हॉटेलात राहते, परत जाताना घ्या." आम्ही म्हटलं, "असं कसं?" मग हे म्हणाले, "मी आईंना घेऊन रस्त्याने वळसा घालून येतो." मोजलं, तर ओवन साउंडला मागे यायचं, तिथून बॅरी, पॅरी साउंड, सडबरी. सहाशे किलोमीटरच्या वर. म्हणजे रात्री पोचणार. आई म्हणाली, "तेही नको. रात्रीपर्यंत गाडी चालवायची नाही." सगळे चिडलेले. नागपूरकर आणि त्यांची बायको एकमेकांशी बोलत नव्हते. मी आणि हे तर नव्हतोच.

आता टोबरमोरी कशासाठी प्रसिद्ध आहे ते ऐका. फेरीच्या धक्क्याजवळच काचेच्या तळाच्या बोटींची तिकिटं मिळतात. त्या बोटीत बसून खाली काय बघायचं? तर बुडालेली जहाजं! तिथलं पाणी इतकं नितळ की वरून दिसतात. तो सगळा भाग १९८७ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि वीसहून अधिक बुडालेली जहाजं त्या परिसरात आहेत. बिग टब नावाच्या खाडीत स्वीपस्टेक्स नावाचं शिडाचं जहाज १८८५ साली बुडालं, ते अजून जवळजवळ आख्खं तळाशी बसलेलं आहे. हे सगळं तिथल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. माझी नऊ वर्षांची मुलगी आजीला घेऊन पाय मोकळे करायला गेली आणि मोठ्याने एकेक पाटी वाचून, मराठीत भाषांतर करून आजीला सांगून आली. आपण मराठी शाळेत घालतो ना मुलांना, त्याचं हे फळ!

दोघी परत आल्या. आई फोल्डिंग खुर्चीत बसली, पाणी प्याली, आणि नातीला म्हणाली, "तुला एक बोट सांगू? ती पण बुडाली. तिचं नाव रामदास."

मंडळी, रामदास बोट आपल्यातल्या कोकणातल्या लोकांना ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. आषाढी अमावस्येला, गटारीला गावी यायला म्हणून मुंबईतले चाकरमानी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोटीने रेवसला निघाले. भर पावसाळा. रेवसच्या अलीकडे वाऱ्या-लाटांत बोट कलंडली आणि काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. जी थोडी वाचली त्यांतल्या बऱ्याच जणांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं.

मला रामदास माहीत होती. कोकणातल्या कुठल्याही मुलीला असते. पण त्या बोटीत आईचा मामा होता, हे मला माहीत नव्हतं.

आई सांगत होती, "मी पाच वर्षांची होते. आजोळी होते. मामा गिरणीत कामाला होता. तो माझ्यासाठी परकराचं कापड आणणार होता. निळं आण म्हणून मी निरोप धाडला होता. त्या दिवशी सकाळपासून मी ओटीवर बसलेली. पाऊस होता. आजीने भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. दुपारी कोळीवाड्यातून माणूस आला. मग घरात एवढा आवाज झाला की मला कुणी सांगितलंच नाही काय झालं ते. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसले होते, कापडाची वाट बघत."

माझ्या मुलीने विचारलं, "मग?"

"मग काही नाही. मामा मिळाला नाही. आजीने सगळ्या मुलांना पुढ्यात बसवून सांगितलं, आपल्या घरातलं कुणी बोटीत बसायचं नाही. मी नाही बसले."

मी हिशेब केला. सत्तर वर्षं. सत्तर वर्षं तिने आजीचा शब्द पाळला आणि आम्हाला सांगितलं, मला बोट लागते. आम्ही भावंडं तिची चेष्टा करायचो. मी तिच्या पोटची मुलगी, इतकी वर्षं रोज रविवारी फोन करते, आणि मला हे टोबरमोरीच्या पार्किंगमध्ये कळावं!

मी म्हटलं, "आई, आपण परत जाऊ. हे आणि नागपूरकर पुढे जातील, मुलाला घेऊन येतील."

ती काही बोलली नाही.

तेवढ्यात घोषणा झाली की वारा वाढलाय, दुपारची फेरी उशिराने सुटेल. किती उशिराने ते वाऱ्यावर अवलंबून. झालं! सगळी रांग कुरकुरायला लागली. शेजारच्या गाडीतला माणूस हातवारे करत होता. नागपूरकर म्हणाले, "एवढ्या मोठ्या बोटीला एवढ्याशा वाऱ्याने काय होतंय?" पाणी पाहिलं तर खरंच फार काही दिसत नव्हतं.

आईने मला विचारलं, "का थांबवलीय?"

मी म्हटलं, "वारा आहे म्हणून. कॅप्टन नको म्हणतोय."

"एवढी माणसं खोळंबलीत तरी?"

"हो."

"आणि कुणी त्याला जबरदस्ती करत नाही?"

"नाही."

ती बराच वेळ त्या पाण्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "असं असेल तर मी बसते."

त्या दिवशी त्या रांगेत शंभर-दीडशे गाड्या असतील. उशीर झाला म्हणून हायसं वाटलेली एकच बाई होती, आणि ती माझी आई.

त्या फेरीतही आम्हाला जागा मिळाली नाही हो! आमच्या पुढे तीन गाड्या असताना दार बंद झालं. पण तोपर्यंत कुणी चिडायच्या मनःस्थितीत नव्हतं. मी धपाटे काढले. शेजारच्या हातवारेवाल्यालाही दिले. त्याने लसणाच्या चटणीबरोबर दोन खाल्ले आणि पाण्याची अख्खी बाटली संपवली. नागपूरकर वहिनी आईच्या पायाशी सतरंजी टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "आई, अजून सांगा ना." आई सांगत राहिली. आजोळचं घर, मामाचा पेटीचा नाद, आजीचा स्वभाव. मी पन्नाशीला आलेली बाई, हे सगळं पहिल्यांदा ऐकत होते.

रात्रीच्या शेवटच्या फेरीत आमचा नंबर लागला. वारा पडला होता. गाडी आत चढवली. बोट सुटल्यावर गाडीत बसून राहता येत नाही, सगळ्यांनी वर जायचं असतं. आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. मी हात धरला. तिने तिथल्याच एका कर्मचारी मुलीला खुणेने विचारलं, लाइफ जॅकेट कुठे? तिने हसून पेट्या दाखवल्या. आईने त्या मोजल्या. खरंच मोजल्या, बोट दाखवून. मग वर आली.

पहिला अर्धा तास ती आतल्या खुर्चीत डोळे मिटून, जपमाळ ओढत बसली. मी तिला काही म्हटलं नाही. नंतर नात तिला ओढून डेकवर घेऊन गेली. सूर्य नुकताच बुडाला होता. पाणी आधी तांबडं आणि मग करडं होत गेलं. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ती उभी राहिली. मला वाटलं, रडतेय की काय. पण ती म्हणाली, "याला खारा वास नाही गं. समुद्र वाटतच नाही." मग थोड्या वेळाने, "मामाला पोहता येत होतं." त्यावर मी काय बोलणार?

साउथ बेमाउथला धक्क्यावर अंधारात पुणेकर आणि कोल्हापूरकर उभे. दिवसभर चिप्स आणि आइस्क्रीमवर काढलेली आठ माणसं आणि माझा मुलगा! मुलगा धावत आला तो आधी आजीकडे. "आजी, तू बोटीत बसलीस?" कोल्हापूरकर म्हणाले, "वहिनी, आधी डबा काढा, मग बोला." धक्क्यावरच गाडीच्या डिकीत पंगत बसली. कॉटेजवर पोचायला मध्यरात्र उलटली.

दुसऱ्या दिवसाबद्दल फार सांगत नाही, ते तुम्ही स्वतः जाऊन बघा. कागवाँगला ब्रायडल व्हेल धबधबा आहे, त्याच्या पाण्यामागून चालत जाता येतं. दुपारी विक्वेमकूंगला गेलो. १८६२ साली सरकारने बेटावरच्या मूळ रहिवाशांशी जमिनीचा तह केला, त्यावर या लोकांनी सही केली नाही. त्यामुळे त्यांची जमीन आजही त्यांनी कुणाला न दिलेली जमीन म्हणून ओळखली जाते. दर वर्षी याच लाँग वीकेंडला त्यांचा मोठा पॉव-वॉव भरतो, १९६१ पासून. ढोल सुरू झाले, त्यांची वडीलधारी माणसं मैदानात आली, सगळे उठून उभे राहिले. आईसुद्धा उभी राहिली. "यांच्याकडे म्हाताऱ्यांना पुढे चालवतात," एवढंच म्हणाली. मी ते मनावर घेतलं.

सोमवारी परतताना हे म्हणाले, "आई, आता खरंच पुलावरून जाऊ या. रस्त्याने घरी." लिटल करंटचा तो पूल १९१३ सालचा, रेल्वेसाठी बांधलेला. एकेरी आहे. आणि उन्हाळ्यात दिवसा दर तासाला पंधरा मिनिटं सबंध आडवा फिरतो, बोटींना वाट द्यायला. तेव्हा गाड्यांनी थांबायचं. म्हणजे बोटीने जा की पुलाने, मॅनिटूलिनला थांबण्यावाचून सुटका नाही!

आई म्हणाली, "पूल नको. बोटीनेच जाऊ." आणि या वेळी आम्ही अडीच तास आधी पोचलो. नागपूरकरसुद्धा.

मंडळी, आता शेवटचं. आपले आईवडील इथे येतात. सहा महिने राहतात. आपण त्यांना नायगारा दाखवतो, सीएन टॉवर दाखवतो, मंदिरात नेतो, सकाळी कामावर जाताना टीव्हीचा रिमोट हातात देतो. जे जे करायचं ते सगळं करतो. पण त्यांच्याजवळ नऊ तास नुसतं बसून राहायची वेळ आपल्यावर येत नाही. माझ्यावर ती आली, तीही फेरी चुकली म्हणून. वेळेवर पोचलो असतो तर काय झालं असतं? आई धक्क्यावर रुसली असती, आम्ही कशीबशी समजूत घालून तिला चढवली असती, नाही तर मागे ठेवली असती. आणि 'मला बोट लागते' हेच मी जन्मभर खरं धरून चालले असते. ती गेल्यावरसुद्धा.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. इकडे येणं आता जमत नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. गाडीसकट चढायचं, तासाभरात पलीकडे. परवा रविवारी फोन केला तर म्हणाली, "अगं, मुंबईला डॉक्टरकडे जाऊन आले. बोटीने." मी विचारलं, "भीती नाही वाटली?" म्हणाली, "वाटली. पण रेवसचा धक्का दिसतो का ते बघायला डेकवर उभी राहिले होते."

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात मंडळाची सहल मॅनिटूलिनला न्यावी असा माझा प्रस्ताव आहे. आईवडील आले असतील तर त्यांना जरूर घ्या. फक्त एक विनंती. निघायची वेळ साडेपाच सांगितली तर साडेपाचला निघा.

आणि नाहीच जमलं, तर एक सतरंजी आणि धपाट्यांचा डबा बरोबर असू द्या.

आपल्या सगळ्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. चला, मसालेभात थंड होतोय!